एनजी २१७ आणि माझ्या डोक्यातला भुंगा

सध्या माझ्यासमोर कुणी बसायचाच अवकाश, की मी सुरू होते. परवा इथल्या मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी काकांना मी सांगून टाकलं, की फिटवरचं कोणतं औषध कुणाला आधी द्यावं, कोणतं नंतर, आणि कोणतं अजिबात देऊ नये हे इथे इंग्लंडात सगळं लिहून ठेवलंय, आणि तुम्हीआम्ही कुणीही ते घरबसल्या फुकट वाचू शकतो! काका म्हणाले, "अरे वा," आणि मोदकाकडे वळले. त्यांचा काय दोष? पूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही मोदकच बघितला असता.

त्या लिखाणाचं नाव एनजी २१७. काढणारी संस्था नाइस, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स. स्थापना १९९९ची. सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, कोणता उपचार कुणाला, कधी आणि कोणत्या अटींवर द्यावा हे सांगणं हे तिचं काम. अपस्मारावरचं तिचं पहिलं मोठं मार्गदर्शन २००४ साली निघालं, दुसरं २०१२ साली, आणि एप्रिल २०२२ मध्ये हे आलं. नाव रुक्ष, मजकूर त्याहून रुक्ष, आणि तरी मी ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते. नवऱ्याला वाटलं, मी मालिका बघतेय.

ते माझ्या हाती आलं धाकट्या दिरामुळे. तो आमच्याकडेच राहतो. त्याची फिट सिनेमात दाखवतात तशी नसते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटतं, नजर भिंतीवर खिळते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात आणि उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपू लागतात. तेच बटण, दर वेळी. मिनिटभर, कधी जरा जास्त. मग तो आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "वहिनी, मी काय म्हणत होतो?" कऱ्हाडला लहानपणी याला सगळे 'तंद्री' म्हणायचे. पुढे एकदा शाळेत आकडी येऊन तो खाली पडला, तेव्हा कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, दंडाला गंडा बांधून झाला, आणि मग कुठे एप्टॉइनची गोळी सुरू झाली. तिनं हिरड्या सुजल्या. पुढे गोळ्या बदलत गेल्या. एका गोळीनं हा मुळात गरीब मुलगा इतका चिडका झाला की सासूबाई फोनवर रडायच्या. फिट्स कमी व्हायच्या, थांबायच्या मात्र नाहीत. इथे आल्यावरही काही वर्षं तेच: डोस थोडा वाढवू, थोडा कमी करू, सहा महिन्यांनी या.

मग एक अपस्माराची नर्स भेटली. इथे फक्त अपस्मारासाठीच्या नर्स असतात, आणि माझं ठाम मत आहे, की या देशातली सर्वांत कामाची माणसं म्हणजे याच बाया. तिनं जुने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाली, दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर त्या माणसाला अपस्माराच्या मोठ्या केंद्राकडे पाठवायचं असतं; तुम्हाला अजून कसं पाठवलं नाही? एनजी २१७ बघा.

बघितलं! आणि काय सांगू!

मला आधी वाटायचं, फिटची औषधं म्हणजे सगळी एकाच जातीची. एक चाललं नाही तर दुसरं, डॉक्टरच्या मर्जीनं. इथे तर फिटच्या प्रकारानुसार वेगवेगळी पानं! मेंदूच्या एका भागातून निघणारी, दिराची आहे तशी फिट असेल, तर सुरुवात लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटामनं. शाळकरी मुलं दहा-पंधरा सेकंद हरवून बसतात, ती फिट असेल तर इथोसक्झिमाइड. ते औषध १९५०च्या दशकातलं, म्हणजे माझ्या आईच्या वयाचं, आणि तरी पहिल्या क्रमांकावर! नव्याची हौस म्हणून जुनं कुणी खाली ढकललेलं नाही. तान्ह्या मुलांचे झटके असतील तर स्टिरॉइडचा मोठा डोस आणि सोबत व्हिगाबॅट्रिन, दोन्ही एकदम.

पण माझी खरी झोप उडाली ती 'देऊ नका'च्या रकान्यांनी. कार्बामाझेपिन, म्हणजे टेग्रिटॉल, किती घरांत असते! दिरासारख्या फिटला ती चालते. पण ज्यांना सकाळी उठल्या उठल्या हात झटकन उडायचे झटके येतात, चहाचा कप भिंतीवर जातो, त्यांचा त्रास तीच गोळी वाढवू शकते. ड्राव्हे सिंड्रोम नावाचा लहान मुलांचा एक वाईट अपस्मार आहे, बहुतेक मुलांमध्ये एका जनुकातल्या बिघाडामुळे होणारा. त्यात कार्बामाझेपिन नको, फेनिटॉइन नको, आणि इतरत्र पहिल्या नंबरचं असलेलं लॅमोट्रिजिनसुद्धा नको! का, तर ही औषधं पेशींमधल्या सोडियमच्या वाटा अडवतात, आणि त्या मुलांमध्ये नेमकी तीच वाट आधीच पांगळी असते. आता मला सांगा, हे वाचून कुणी गप्प बसेल?

आणि हे सगळं कुणा प्रोफेसरच्या मनात आलं म्हणून लिहिलेलं नाही. पहिल्या क्रमांकावर कोण, याचा निवाडा करायला लिव्हरपूलच्या टोनी मार्सन यांनी सनाड-२ नावाची मोठी चाचणी चालवली. तिचे निकाल २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. एका भागातून निघणाऱ्या फिटचे ९९० रुग्ण, तीन औषधं, कुणाला कोणतं हे नशिबावर सोडलेलं. लॅमोट्रिजिन पुढे निघालं. नव्या, महागड्या औषधांच्या जाहिरातींच्या काळात एक देश आपल्याच दवाखान्यांतून असली शर्यत लावतो, याचं मला विलक्षण अप्रूप वाटतं.

'दोन औषधांनंतर मोठ्या केंद्राकडे' या नियमामागेही हिशेब आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली छापलेल्या अभ्यासात पूर्वी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण होते. पहिल्याच औषधानं ४७ टक्क्यांच्या फिट्स बंद झाल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधानं आणखी फक्त १४ टक्क्यांच्या. दोन औषधं एकत्र देऊन आणखी ३ टक्के. म्हणजे पायऱ्या फार झपाट्यानं लहान होत जातात, आणि पुढची वर्षं गोळ्यांची अदलाबदल करत घालवणं म्हणजे दैवावर हवाला. हे आकडे मी दिराला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी त्या उरलेल्यांतला." मला वाटलं, उगाच वाचलं. पण लगेच म्हणाला, "बरं झालं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. जागरण, क्रिकेट, चहा."

मोठ्या केंद्रात त्याला सेनोबामेट मिळालं. दक्षिण कोरियात जन्मलेलं औषध. नाइसनं डिसेंबर २०२१ मध्ये त्याला होकार दिला, पण कसा! फक्त प्रौढांना, निदान दोन औषधांनी भागलं नसेल तरच, सोबतीला दिलेलं आणखी एखादं औषधही कमी पडलं असेल तरच, आणि सुरुवात मोठ्या अपस्मार केंद्रातच. मला आधी राग आला, की एवढी दारं कशाला? मग कारणं वाचली. सुरुवातीच्या चाचण्यांत डोस भराभर वाढवला तेव्हा तिघांना अंगभर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी भयंकर प्रतिक्रिया आली. एकाचा जीव गेला. मग डोस अगदी कमी करून, दर दोन आठवड्यांनी एक पायरी चढवत तेच औषध तेराशेहून जास्त लोकांना दिलं. एकालाही ती प्रतिक्रिया आली नाही. औषध तेच, माणसं तशीच. फरक फक्त धीराचा!

त्या पाकिटाकडे मी किती वेळ बघत बसले. चौदा गोळ्या साडेबारा मिलिग्रॅमच्या, पांढऱ्या, इतक्या लहान की तळहातावर हरवाव्यात. त्यानंतरच्या चौदा पंचवीसच्या. मग पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, आणि दर पायरीला पंधरवडा. दिराला घाई झालेली. "वहिनी, एवढ्याशा गोळीनं काय होणार?" मी म्हटलं, ही गोळी फिट थांबवायला नाहीच, ही शरीराला ओळख करून द्यायला आहे. (हे माझं वाक्य, नाइसनं असं काही लिहिलेलं नाही.) मूळ चाचणीत दिवसाला ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना पुढच्या टप्प्यात एकही फिट आली नाही, २०० घेणाऱ्यांत ११ टक्क्यांना, आणि नुसत्या खोट्या गोळीवर १ टक्क्याला. वर्षानुवर्षं काहीच लागू न पडलेल्या लोकांमधले हे आकडे आहेत! आमच्याकडे चमत्कार झालेला नाही. गुंगी येते, मधूनच दोन-दोन दिसतं. पण बटण चाचपणं फारच विरळ झालंय, आणि संध्याकाळी त्याचं वाक्य पूर्ण होतं.

आता भांगेची गोष्ट. ही मी सगळ्यांना सांगते आणि सगळे आधी हसतात. नॉरफोक परगण्यात विसिंग्टन नावाच्या गावी साखर कारखाना आहे, उसाचा नव्हे, बीटाचा, पण आम्हा कऱ्हाडकडच्यांना कारखाना म्हटलं की कान टवकारतातच. त्या कारखान्याची वाया जाणारी ऊब आणि कार्बन डायॉक्साइड वापरून शेजारी अठरा हेक्टरच्या काचघरात टोमॅटो पिकवायचे. आठेक वर्षांपूर्वी टोमॅटो गेले आणि तिथे एका औषध कंपनीसाठी भांगेच्या कुळातली झाडं आली, नशा न चढवणाऱ्या जातीची! त्यांतल्या कॅनाबिडिऑलचं औषध म्हणजे एपिडायोलेक्स. आणि ते कशात कालवलेलं असतं? तिळाच्या तेलात! वर स्ट्रॉबेरीचा स्वाद. कऱ्हाडच्या सासूबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, तिळाचं तेल चांगलं." आता त्यांना कोण समजावणार.

पण मला भुरळ पडली ती त्यावरच्या निवाड्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये नाइसनं मसुदा काढला: नको. पुरावा कमी काळाचा, किंमत जास्त. तो जाहीर केला, सगळ्यांचे अभिप्राय मागवले, कंपनीनं नवी आकडेमोड आणि कमी किंमत आणली, आणि डिसेंबरमध्ये निर्णय फिरला: होय, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन अवघड अपस्मारांत, वय दोन वर्षांच्या पुढे, क्लोबाझॅम या दुसऱ्या औषधाच्या जोडीला. आणि मग ती अट, जी वाचून मी खुर्चीतून उठलेच: दर सहा महिन्यांनी फिट्स मोजा, सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी झाल्या नसतील तर औषध बंद!

बंद कधी करायचं हे आधीच लिहिलेलं! आपल्याकडे किती घरांत औषध सुरू होतं आणि मग ते का चालू आहे हे कुणालाच आठवत नाही. इथे आशेलाही मुदत आहे. काही आईबापांना ही अट निष्ठुर वाटते, आणि ते मला कळतं. २९ टक्के कमी झालेल्या मुलाच्या आईला तुम्ही काय सांगाल? तरीही, पदरात काय पडलं हे मोजायची ती सक्ती मला आवडते. आमच्या फ्रिजवर आता दिराचा तक्ता लावलेला आहे.

फेनफ्लुरामीनचं तर एक स्वतंत्र पुराण होईल. वजन घटवायचं औषध, हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ साली बाजारातून हाकललेलं. तेच फार कमी डोसमध्ये, हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळानं करत, ड्राव्हेच्या मुलांसाठी परत आलं, आणि जुलै २०२२ मध्ये नाइसनं त्याला मान्यता दिली. बदनाम औषधाचा असा पुनर्जन्म!

सगळंच गोड नाही. व्हाल्प्रोएटची पानं वाचताना माझा उत्साह पार उतरला. काही फिट्सना त्याच्याइतकं गुणी औषध नाही; सनाड-२मध्येही मेंदूभर पसरणाऱ्या फिट्सना तेच सरस ठरलं. पण गरोदरपणी आई ते घेत असेल तर दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची बुद्धी-भाषेची वाढ अडखळते. हे बायकांना वर्षानुवर्षं नीट सांगितलंच गेलं नाही. त्यावर इथे बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल २०२० साली आला, आणि तो वाचताना संतापानं हात थरथरतात. आता एनजी २१७ सांगतं, की ज्या मुलीबाळींना पुढे मूल होऊ शकतं त्यांना पहिल्यांदा लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटाम द्या. जानेवारी २०२४ पासून तर पंचावन्नच्या आतल्या कुणालाही, बाई असो की बुवा, हे नव्यानं सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे 'दुसरा इलाज नाही' असं म्हणावं लागतं. एक मात्र लगेच सांगते, कारण मी हे सांगितल्यावर एका मैत्रिणीनं तिथल्या तिथे गोळी सोडायची भाषा केली: अचानक बंद करायचं नाही, कधीच नाही, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

आणखी एक खोच मला बऱ्याच दिवसांनी उमगली. एनजी हा सल्ला आहे. डॉक्टरनं तो विचारात घ्यायचा असतो. पण सेनोबामेट किंवा कॅनाबिडिऑलसारख्या एकेका औषधाचा जो वेगळा निवाडा असतो, त्यात होकार मिळाला की इंग्लंडात एनएचएसला साधारण तीन महिन्यांत त्या औषधाचे पैसे मोजायची सोय करावीच लागते, कायद्यानं. म्हणून तर प्रत्येक अटीवर एवढी घासाघीस! आणि सल्ला मात्र कागदावर राहतो. पहिल्या फिटनंतर दोन आठवड्यांत तज्ज्ञाकडे, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं हे इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण कागद हातात असला की फोनवर बोलायचा सूर बदलतो. "जरा लवकरची वेळ मिळेल का हो?" याच्या जागी मी आता थेट परिच्छेदाचा क्रमांक सांगते. पलीकडची बाई क्षणभर थांबते. तो क्षण मला फार आवडतो.

नाशिकच्या मावसबहिणीनं विचारलं, हे सगळं आम्हालाही लागू का? तसंच्या तसं नाही. भारतात मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींमुळे येणाऱ्या फिट्स पुष्कळ, त्यांचा उपचार निराळा; औषधं आणि किमती निराळ्या. पण तिनं आपल्या मुलीच्या डॉक्टरला दोन प्रश्न विचारावेत असं मी सांगितलं: फिटचा प्रकार नेमका कोणता, आणि दोन औषधं हरली असतील तर शस्त्रक्रियेचा विचार झालाय का? बाकी कांद्याचं म्हणाल तर तो भाजीत. तोंडात चमचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके थांबले की कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली की ती तातडीची वेळ. त्यासाठी इथे मुलांना गाल आणि हिरडीच्या मध्ये सोडायचं मिडाझोलाम मिळतं, वयाप्रमाणे रंग ठरलेल्या भरलेल्या पिचकाऱ्यांत: वर्षाच्या आतल्यांना पिवळी, मग निळी, मग जांभळी, दहाच्या पुढे नारिंगी. घाबरलेल्या आईला अक्षरं दिसत नाहीत, रंग दिसतो. ज्यानं हे सुचवलं त्याला माझा दंडवत.

आता आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या तपासण्या सुरू होतायत. दवाखान्यात आठवडाभर डोक्याला तारा लावून, कॅमेऱ्यासमोर, गोळ्या कमी करून फिटची वाट बघायची. आयुष्यभर जी येऊ नये म्हणून नवस केले ती आता यावी म्हणून बसायचं! शस्त्रक्रिया होणार ती मेंदूत नेमकी जागा सापडली आणि ती काढण्याजोगी असली तरच. २००१ साली कॅनडातल्या लंडन गावच्या डॉक्टरांनी ऐंशी जणांवर केलेली चाचणी मला पाठ झालीय: वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मोकळे, शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांवर ८. एनजी २१७ तर असंही बजावतं, की एमआरआयमध्ये काही दिसलं नाही किंवा माणूस मतिमंद आहे एवढ्यावरून त्याला या वाटेवरून हाकलू नका. दीर अजून हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. डोकं त्याचं आहे.

मी मात्र एक ठरवलंय. नाइसचे मसुदे निघतात तेव्हा नोंदणी केलेल्या संस्थांचे अभिप्राय ते मागवतात, आणि औषधांच्या निवाड्यांवर तर सामान्य माणसालाही लिहिता येतं. समित्यांवरही रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं असतात. म्हणून मी यादी करायला घेतलीय. पहिला मुद्दा: डोस चढवायचा तक्ता घरातल्या म्हाताऱ्यांना कळेल अशा भाषांत छापा. दुसरा: फोनवर ताटकळवत ठेवण्याबद्दल. दीर स्वयंपाकघरात आला, खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "वहिनी, तिसरा मुद्दा लिहा. रुग्णाबद्दल गणपतीत अनोळखी लोकांना सांगण्यापूर्वी रुग्णाला विचारावं."

लिहिलाय.